स्टँडर्ड हेराल्ड: आता किती उरल्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यांत आणि तालुक्यांच्या गावांत उरलेल्या स्टँडर्ड हेराल्ड आणि गझेल या मद्रासला बनलेल्या जुन्या मोटारींची नोंद आम्ही काही जण ठेवतो. यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा या कापसाच्या पट्ट्यात आमचं फिरणं जास्त, भंडारा-गोंदियाकडे कमी. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नेमक्या किती हेराल्ड उरल्या आहेत? एक आकडा सांगा.

एकच आकडा सांगणारा माणूस एक तर अंदाज करतोय किंवा कुणाचा तरी अंदाज पुढे ढकलतोय. भारतात उरलेल्या हेराल्डची अधिकृत मोजणी कुणीच केलेली नाही. ज्या कारखान्यात त्या बनल्या तो बंद पडला. सरकारी नोंदींत किती गाड्या रस्त्यावर आल्या ते असतं, किती शाबूत आहेत ते नसतं. हौशी मंडळींच्या रॅलीत ज्या दिसतात त्या रंगवलेल्या, चालत्या, शहरातल्या गाड्या. कुटाराखाली, म्हणजे गुरांच्या चाऱ्याच्या भुशाखाली, दबलेली गाडी रॅलीला येत नाही.

म्हणून आमचं उत्तर प्रश्नाच्या रूपात असतं: कोणत्या उरलेल्या? चालणाऱ्या? उभ्या असलेल्या पण पूर्ण? की नुसता सांगाडा? या तिन्हींचे आकडे वेगळे येतात आणि त्यांच्यातलं अंतर फार मोठं असतं. आम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेली आणि जिची प्लेट वाचली तीच गाडी मोजतो. "आमच्या मामाच्या गावात एक होती" ही माहिती लिहून ठेवतो, पण मोजत नाही.

हेराल्ड म्हणजे नेमकी कोणती गाडी? फियाट का?

फियाट नव्हे. गावात जुनी लहान गाडी दिसली की तिला सरसकट फियाट म्हणतात, त्यामुळे निम्म्या खबरा तिथेच फसतात. हेराल्डची ओळख सोपी आहे. तिचं बोनेट पुढच्या दोन्ही मडगार्डांसकट, दिव्यांसकट, अख्खंच्या अख्खं पुढच्या बाजूला उलटतं. उघडल्यावर इंजिन आणि पुढची चाकं पूर्ण मोकळी होतात, मिस्त्री चाकावर बसून काम करू शकतो. मागच्या बाजूला मडगार्डच्या टोकाला छोटे उभे पंख आहेत. छपराचे खांब बारीक आणि काचा मोठ्या.

गझेल ही तिचीच पुढची बहीण. गझेल आहे का हेराल्ड अशी शंका आली तर मागून खाली वाकून पाहा. हेराल्डचा मागचा आस (ॲक्सल) मधोमध दुभागलेला असतो आणि दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळी खालीवर होतात. गझेलला एकसलग, सरळ आस आहे.

ही गाडी इथे आली कशी?

मूळ गाडी इंग्लंडची, कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीची. ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली बाजारात आली. आकार जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचा. तिची बांधणी त्या काळाच्या मानाने जुन्या पद्धतीची होती: खाली वेगळी चेसिस आणि वर बोल्टने जोडलेले बॉडीचे भाग. याचं कारण व्यापारी होतं. स्टँडर्डला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली, आणि अख्खी बॉडी एका ठिकाणी बनवून घेणं अवघड झालं. मग वेगवेगळ्या कारखान्यांतून तुकडे आणून एकत्र जोडता येतील अशी गाडी त्यांनी आखली. दूरच्या देशांत सुट्या भागांच्या पेट्या पाठवून गाडी उभी करायला हीच बांधणी सोयीची ठरली.

मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९४८ पासून होती. तिने व्हॅनगार्ड, टेन, पेनंट या गाड्या केल्या आणि १९६१ पासून हेराल्ड. आपल्याकडे तिचं नाव ट्रायम्फ नव्हे, स्टँडर्ड. इंजिन ९४८ सीसीचं. इंग्लंडात पुढे ११४७ आणि मग १२९६ सीसीची इंजिनं आली, आपल्याकडे शेवटपर्यंत ९४८ च राहिलं. १९६८ मध्ये मद्रासच्या कारखान्याने चार दारांची मार्क थ्री ही आवृत्ती काढली. चार दारांची हेराल्ड इंग्लंडात कधी बनलीच नाही, जगात ती फक्त भारतात आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पार्टांच्या प्रश्नात तो पुन्हा येतो.

१९७२ मध्ये गझेल आली. १९७७ पर्यंत तीही थांबली. १९८५ मध्ये कंपनीने स्टँडर्ड २००० ही मोठी गाडी आणून पुन्हा डोकं वर काढलं, पण १९८८ मध्ये सगळंच बंद झालं.

इंग्लंडात पाच लाखांवर बनल्या असं ऐकतो. मग दुर्मिळ कशी?

इंग्लंडातली संख्या खरी आहे. १९७१ पर्यंत तिथे पाच लाखांहून जास्त हेराल्ड बनल्या. पण मद्रासची हेराल्ड ही वेगळी मोजायची गाडी आहे, त्यातही चार दारांची आणि गझेल तर नक्कीच. त्या काळात भारतातले तिन्ही मोटार कारखाने परवान्यावर, ठरवून दिलेल्या संख्येत गाड्या बनवत आणि त्यात स्टँडर्ड सगळ्यांत मागे होती. ॲम्बेसेडर १९५० च्या दशकापासून २०१४ पर्यंत बनली. फियाटची पद्मिनी २००० च्या आसपासपर्यंत पोचली. हेराल्डच्या वाट्याला जेमतेम दहा-अकरा वर्षं आली.

एवढी लवकर का संपली?

एकाच कारणाने नाही, आणि आमच्या मते गाडी वाईट होती म्हणून तर नाहीच.

पहिली गोष्ट दारांची. पहिली सात वर्षं हेराल्ड दोन दारांचीच होती. आपल्याकडे गाडी म्हणजे घरच्या सगळ्यांची. लुगड्यातल्या आजीला पुढची सीट वाकवून मागे कसं बसवायचं? ॲम्बेसेडरमध्ये आठ माणसं आणि वर सरकीचं पोतं जात असताना गिऱ्हाईक काय घेणार हे उघड होतं.

दुसरी गोष्ट मागच्या आसाची. दुभागलेला आस रिकाम्या गाडीला छान. भार वाढला की गाडीचा मागचा भाग बसतो आणि चाकांची वरची बाजू आत झुकते. टायर आतल्या अंगाने खातात. वळणावर जोरात नेली तर बाहेरचं चाक पोटाखाली ओढलं जायची भीती. खड्ड्यांचे रस्ते, सहा-सात माणसं आणि डिक्कीत सामान असताना लोकांचा त्या आसावर विश्वास बसला नाही. कंपनीलाही ते पटलं, गझेलला सरळ आस दिला तो त्यामुळेच. पण तोवर उशीर झाला होता.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी: कारखाना थांबला आणि पार्ट थांबले. ॲम्बेसेडरचा पार्ट तालुक्याला मिळायचा. हेराल्डच्या क्लच प्लेटसाठी नागपूर, तिथे नाही तर मुंबई, तिथे नाही तर मद्रासला पत्र. गाडी उभी राहिली की महिनाभर उभी. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ज्याला लहान गाडी हवी होती त्याला हेराल्ड दुरुस्त करत बसायचं कारण उरलं नाही. आम्ही ज्या घरांत गेलो तिथे "कधीपासून उभी आहे?" असं विचारलं की उत्तर बहुतेक ऐंशीच्या दशकातलंच येतं.

तिच्या गुणांबद्दलही लिहिलं पाहिजे. तिची पुढची चाकं इतकी वळतात की साधारण पंचवीस फुटांच्या घेरात ती फिरते. अचलपूर किंवा उमरखेडच्या जुन्या वस्तीत, दोन वाड्यांमधल्या बोळात, जिथे आजही मोठी गाडी मागे घेताना घाम फुटतो, तिथून हेराल्ड एका दमात वळून निघते. डॉक्टरांच्या घरी ती जास्त सापडते याचं आम्हाला नवल वाटत नाही.

आरटीओच्या कॉम्प्युटरमधून आकडा निघत नाही का?

निघतो, पण तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

एक बाजू अशी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी मोडली, नष्ट झाली, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. कबाड्याला गाडी देऊन आरटीओत जाणारा माणूस खेड्यात भेटणं कठीण. गाडीचा पत्रा वितळून सळई झाली तरी कागदावर ती जिवंत राहते.

दुसरी बाजू उलटी. आरटीओची 'वाहन' नावाची कॉम्प्युटर प्रणाली आली तेव्हा जुन्या वह्यांतल्या सगळ्याच नोंदी कॉम्प्युटरमध्ये चढल्या नाहीत. ज्याने नूतनीकरण केलं, हस्तांतर केलं, त्याची जुनी नोंद कॉम्प्युटरमध्ये चढवली गेली (बॅकलॉग एंट्री). जी गाडी १९८२ पासून गोदामात उभी आहे तिच्यासाठी कोण जाणार? तीन अक्षरं आणि चार आकडे अशा जुन्या नंबराच्या कितीतरी गाड्या प्रत्यक्षात आहेत आणि पडद्यावर नाहीत. एमएच-२७, एमएच-२९, एमएच-३० हे जिल्ह्यांचे नंबर १९८९ नंतरचे. हेराल्डवर असा नंबर दिसला तर ती गाडी नंतर कधीतरी कुणीतरी पुन्हा नोंदवली आहे, म्हणजे तिच्यात जीव होता, असं समजायला हरकत नाही.

तिसरी अडचण स्पेलिंगची आणि कारकुनाच्या सवयीची. कुठे "स्टँडर्ड", कुठे "ट्रायम्फ", कुठे नुसतं "एसटीडी", कुठे मॉडेलच्या जागी "मोटार कार". त्यामुळे यादी मागितली तरी ती चाळणीतून काढावी लागते.

मग इतर देशांत उरलेल्या गाड्यांचे पक्के आकडे कसे सांगतात?

इंग्लंडात १९९८ पासून अशी पद्धत आहे की गाडी रस्त्यावर नसेल तर तसं सरकारला कळवावंच लागतं. म्हणून तिथे कर भरलेल्या किती आणि घरी उभ्या किती, हे दोन वेगळे आकडे मिळतात. आपल्याकडे "गाडी घरी उभी आहे" असं कळवायचा असा सरसकट रिवाज नाही.

दुसरा प्रकार श्रीमंतांच्या गाड्यांचा. बुगाटी रोयाल ७ बनल्या, त्यातल्या ६ आहेत आणि प्रत्येकीचा पत्ता जगाला ठाऊक आहे. अमेरिकेतली १९४८ ची टकर फक्त ५१ बनली, आज ४७ असल्याचं सांगतात. या गाड्या पहिल्या दिवसापासून नावानिशी मोजल्या गेल्या, कारण त्यांच्यात पैसा होता. शाळामास्तराने प्रॉव्हिडंट फंड काढून घेतलेल्या सेकंडहँड हेराल्डचा हिशेब कुणी ठेवला नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्या भागात रस्ता बदलला, माणसं दवाखान्यात वेळेवर पोचायला लागली, मुली शिकायला जिल्ह्याला गेल्या, त्यात अशाच गाड्यांचा वाटा होता.

"उरलेली गाडी" तुम्ही कशाला म्हणता?

यावर आमच्यात आजही वाद होतात. सध्या आम्ही अशी विभागणी धरतो.

चालती गाडी: स्वतःच्या इंजिनावर, ब्रेकसकट, रस्त्यावर येऊ शकते. कागद चालू असोत वा नसोत.

उभी गाडी: चेसिस, बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स जागेवर. इंजिन जाम असलं तरी चालेल. विदर्भात आमच्या नोंदीतल्या बहुतेक गाड्या याच रकान्यात आहेत.

सांगाडा: चेसिस आहे, बॉडी अर्धी आहे, इंजिन कुणीतरी नेलं. ही गाडी पुन्हा उभी राहील का हे कुणी सांगू शकत नाही, पण तिच्या पार्टांवर दुसरी उभी राहते. म्हणून नोंद करतो, एकूण आकड्यात धरत नाही.

सुटे पार्ट: अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवलेलं बोनेट, वावरातल्या झोपडीला लावलेलं दार. मोजत नाही, पण कुठे आहे ते लिहून ठेवतो. चार दारांच्या गाडीचं मागचं दार असेल तर लाल शाईने लिहितो.

काही मित्रांचं म्हणणं असं की सांगाडेही मोजा, आकडा मोठा दिसेल, लोकांचा उत्साह वाढेल. मला ते पटत नाही. फुगवलेल्या आकड्याने माणूस निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणूस घरची गाडी भंगारात देतो: "बाकीच्या आहेत ना!"

दोन गाड्यांची मिळून एक केली तर ती एक मोजायची की दोन?

एक. हेराल्डची बॉडी बोल्टने सुटते, त्यामुळे एकीची चेसिस, दुसरीचा मागचा भाग असं करणं या गाडीत सहज जमतं आणि तसं भरपूर झालेलंही आहे. ज्या गाडीची नंबर प्लेट आणि कागद तिच्यावर आहेत ती मोजायची. दुसरीची प्लेट कुणी ड्रॉवरमध्ये जपून ठेवली असेल तरी ती गाडी गेली असंच धरायचं. नुसत्या प्लेटवर तिसरी गाडी उभी करणारेही असतात, त्यांच्यापासून विकत घेणाऱ्याने सावध राहावं.

नंबर कुठे सापडेल?

बोनेट उलटा. इंजिन आणि माणसं बसतात तो भाग यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर छोटी धातूची पाटी असते, तिच्यावर गाडीचा क्रमांक. इंजिनचा नंबर वेगळा, तो ब्लॉकवर ठोकलेला. दोन्ही आरसी बुकाशी ताडून पाहा. पाटी रंगाखाली गेली असेल तर थिनर लावलेल्या फडक्याने हळू पुसा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, अक्षरं उथळ असतात आणि एकदा गेली की गेली.

विदर्भाच्या हवेत गाडी टिकते की सडते?

कोकणापेक्षा नक्कीच बरी टिकते. समुद्राचं मीठ नाही, वर्षातले आठ महिने हवा कोरडी. यवतमाळच्या एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये, सिमेंटच्या फरशीवर ठोकळ्यांवर उभी केलेली हेराल्ड पाहिली, तिच्या चेसिसवर कारखान्याचा काळा रंग शिल्लक होता.

पण सगळं जागेवर अवलंबून. गुरांच्या कोठ्यात उभी गाडी खालून जाते. गोमूत्र आणि शेणाची ओल पत्रा खाते, वरून गाडी ठणठणीत दिसते आणि दार उघडलं की पायाखालची पाटी हातात येते. काळ्या मातीवर थेट उभी गाडी पावसाळ्यात चाकं रुतून पोटावर बसते, आणि ती माती दिवाळीपर्यंत ओल सोडत नाही. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे खताचं गोदाम. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो आणि लोखंडाचा चुरा करतो. गाडीत खताच्या गोण्या भरून ठेवल्या असतील तर आजच काढा, बाकी सगळं नंतर.

ऊन वेगळ्या तऱ्हेने मारतं. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीच्या वर पारा जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये काचेभोवतीचं रबर, सीटचं रेक्झिन, वायरचं आवरण सगळं ठिसूळ होतं. रबर तडकलं की पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि मग गंज आतून सुरू होतो. पत्र्याच्या छपराखाली गाडी असेल तर वर पऱ्हाट्या किंवा तुराट्या अंथरून सावली करा. मात्र गाडीच्या अंगावर कुटार टाकू नका. त्यात उंदीर घर करतात आणि अख्खं वायरिंग कुरतडतात.

कोठ्यात गाडी सापडली. आधी काय करू?

सुरू करू नका. हा आमचा पहिला आणि सगळ्यांत कळकळीचा सल्ला. घरातल्या तरुण पोरांना बॅटरी लावून सेल्फ मारायची घाई असते. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, जोर लावला की तुटतात. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा, काही दिवस थांबा, मग हाताने इंजिन फिरतंय का पाहा. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते आधी काढून टाका.

त्याही आधी फोटो काढा. चारही बाजू, आतून, बोनेटखाली, नंबराची पाटी. गाडीभोवती पडलेलं काहीही फेकू नका. कोपऱ्यातली गंजकी पट्टी म्हणजे कदाचित बंपर धरणारा कंस असतो. जॅक, स्टार्टिंग हँडल, टूलकिटची कापडी पिशवी, मद्रासची पुस्तिका, जुन्या पावत्या हे सगळं एका पेटीत ठेवा.

ट्रॉलीवर चढवताना चेसिसला दोर बांधा, बंपरला किंवा आसाला नाही. जेसीबीच्या बकेटमध्ये उचलून नेलेली गाडी आम्ही पाहिली आहे, ती उभ्या रकान्यातून त्या एका दुपारी सांगाड्याच्या रकान्यात गेली.

गाडी आजोबांच्या नावावर आहे, आजोबा नाहीत. काय करायचं?

फॉर्म ३१. वारसाच्या नावावर गाडी करण्याचा तोच अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद. भाऊबहीण असतील तर त्यांची संमती आधीच लेखी घ्या. गाडीला किंमत नाही असं वाटतं तोवर सगळे हो म्हणतात. आरसी बुक हरवलं असेल तर दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म २६. विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३०. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाडीवर पर्यावरण कर आहे. थकबाकी किती निघते ते आधी आरटीओत जाऊन विचारा, मगच दुरुस्तीत पैसे घाला.

तो "व्हीए" नंबर काय असतो? आपल्या गाडीला मिळेल का?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी या नियमात बसते. नव्याने नोंदवलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" असलेला नंबर मिळतो. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. ज्या गाडीची नोंद आधीपासून आहे तिला जुना नंबर ठेवता येतो.

यात एक अट मोठी आहे. अशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. बाजाराला, लग्नाला, शेतावर नेता येणार नाही, भाड्याने तर नाहीच. ज्याला गाडी वापरायची आहे त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी असं आमचं मत. सगळ्या हेराल्ड आता पन्नाशीपार आहेत. १९७७ ची गझेल २०२७ मध्ये तिथे पोचेल.

पार्ट मिळतात का?

इंजिन आणि चेसिसचे बरेच मिळतात. ९४८ सीसी इंजिनचे गॅस्केट, बेअरिंग, ब्रेकचे रबर, स्टीअरिंगचे सांधे आजही इंग्लंडात नवे बनतात, कारण तिथे या गाडीचे चाहते खूप आहेत. टायर १३ इंची, त्याची अडचण नाही. पुढचा पत्रा आणि दोन दारांच्या गाडीचे बरेच भाग इंग्लिश गाडीशी जुळतात.

अडतं ते चार दारांच्या गाडीपाशी. मागची दारं, त्यांच्या काचा, काचेच्या चौकटी, मधला खांब हे जगात फक्त मद्रासला बनलं आणि ते साचे आता नाहीत. म्हणजे भारतात जेवढी मागची दारं शिल्लक आहेत तेवढीच पृथ्वीवर आहेत. कुणी चार दारांची हेराल्ड कापली की बाकी सगळ्यांचा साठा कमी होतो. म्हणून मघाशी खुराड्यावरच्या पत्र्याचीही नोंद ठेवतो म्हटलं.

आपल्याकडचे मिस्त्री हा दुसरा साठा. अकोल्याच्या लेथवाल्यांनी नुसत्या तुटक्या नमुन्यावरून बुश करून दिलेले आहेत आणि ते वर्षानुवर्षं चालले आहेत. पण दुभागलेल्या आसाची जुळणी हाताने केलेले मिस्त्री आता सत्तरीपुढचे आहेत. ते काम करत असतील तेव्हा शेजारी उभं राहून व्हिडिओ काढा.

आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर चालते का?

चालते, पण आधी रबर बदला. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा मऊ करून फोडतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात, महाग नाहीत. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा, इथेनॉल पाणी ओढतं.

किंमत किती येईल?

आम्ही भाव सांगत नाही. भाव सांगितला की माहिती मिळणं थांबतं. एवढं सांगतो की उभी गाडी चालती करायला बहुतेक वेळा ती विकून येतील त्याहून जास्त पैसे लागतात. नफ्यासाठी यात पडू नका.

गावात चौकशी कशी करायची? लोक सांगत नाहीत.

कारण त्यांना वाटतं विकत घ्यायला कुणी दलाल आला. पारावर जाऊन "जुनी गाडी आहे का कुणाकडे?" असं विचारलं तर "नाही बाप्पा" हेच उत्तर येतं. विचारायचं ते म्हाताऱ्या माणसांना, आणि गाडीबद्दल नाही तर माणसांबद्दल. "काकाजी, पूर्वी गावात डॉक्टर कोण यायचे? कशाने यायचे?" मग गोष्ट निघते, गोष्टीत गाडी येते, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "ते गाडी? हाय ना, कोठ्यात हाय उभी."

पोळा ते दिवाळी हा काळ टाळा, शेतीची कामं अंगावर असतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा. घरच्या बायकांशी जरूर बोला: गाडी कधी शेवटची निघाली, कुणाच्या बाळंतपणाला निघाली, चावी कोणत्या डब्यात आहे, हे पुरुषांना आठवत नाही, त्यांना आठवतं.

नोंद केली तर आमचं नाव सगळीकडे जाईल का?

जाणार नाही. गाडीचा प्रकार, साल, जिल्हा आणि कोणता रकाना एवढंच आम्ही इतरांना सांगतो. गाव आणि मालकाचं नाव वहीत राहतं, मालकाने स्वतः सांगितल्याशिवाय कुणाला दिलं जात नाही. हा नियम पाळला म्हणूनच लोक दार उघडतात.

भंगारात द्यायचंच ठरलं आहे. निदान काय वाचवू?

कबाड्याला फोन करण्याआधी एक दिवस द्या. नंबराच्या पाटीचा आणि इंजिन नंबराचा स्पष्ट फोटो काढा. चार दारांची असेल तर मागची दोन्ही दारं काचांसकट उतरवून ठेवा. डॅशबोर्डवरचे मीटर, पुढची जाळी, "स्टँडर्ड" आणि "हेराल्ड" ही अक्षरं, मागच्या दिव्यांच्या काचा, स्टीअरिंग काढा. दुभागलेल्या आसाचे दोन्ही शाफ्ट ठेवा, ते बैलबंडीखाली बसत नाहीत म्हणून कबाडीही त्याला लोखंडाचाच भाव देतो. सगळं मिळून एका पलंगाखाली मावतं. मग आरटीओत जाऊन नोंदणी रद्द करा आणि आम्हाला कळवा, म्हणजे वहीत त्या गाडीपुढे तारीख टाकता येईल.